शिशाच्या अ‍ॅप्रनची घडी

मी भित्री नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. माहेरी रेणापूरला असताना मी विहिरीत उडी मारायचे, मारक्या बैलाच्या तोंडापुढून खुशाल जायचे. पुढं नर्सिंगला नांदेडला गेले. जळीत वॉर्डातल्या पहिल्या दिवशी आमच्या बॅचच्या निम्म्या मुली बाहेर जाऊन ओकत होत्या आणि मी ट्रे धरून उभी होते. मैत्रिणी मला दगड म्हणायच्या. मला ते आवडायचं.

तिथं आम्हाला ज्या ज्या गोष्टींची भीती घातली, त्या सगळ्या डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, टोचते. इंजेक्शनची काच फोडताना कापूस धरायचा, नाहीतर बोट कापतं. ओली फरशी, ऑक्सिजनचं सिलेंडर, पिऊन आलेला नातेवाईक, पेशंटला उचलताना कमरेतून वाकणं. आमच्या एक मॅडम कमरेवर इतकं बोलायच्या की आम्ही हॉस्टेलवर बादलीसुद्धा गुडघे वाकवून उचलायचो आणि एकमेकींना हसायचो. एक्स-रेच्या खोलीबद्दलही त्या कधीतरी बोलल्या असतील. बोलल्या असतील तर मी नेमकी त्या तासाला डुलक्या घेत असेन, कारण मला काहीच आठवत नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत घाबरण्यासारखं काही दिसतच नाही. वास नाही, धूर नाही, चटका नाही. बारीकसा आवाज होतो आणि टेक्निशियन म्हणतो, झालं.

मी नोकरीला लागले ती मुखेडच्या पुढं एका मोठ्या गावातल्या दवाखान्यात. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाही. नवरा लातूरला एका कॉलेजात क्लार्क, सासर शिरूर अनंतपाळ, आणि मी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत एकटी. सुट्टी लागून आली की एसटीनं लातूर किंवा शिरूर. अशी अर्धी नोकरी अर्धी एसटी सगळ्याच सिस्टरांची असते, त्यात माझं वेगळं काही नव्हतं.

आमच्या दवाखान्यात लहान लेकरांचे छातीचे फोटो खूप निघायचे. आमच्याकडं एक्स-रेला फोटोच म्हणतात. लहान लेकरू काही फोटोसाठी शहाण्यासारखं उभं राहत नाही, त्याला कुणीतरी धरावं लागतं. नियमानं नातेवाइकानं धरायचं. पण बाप हात ढिला सोडतो, आई लेकराबरोबर स्वतःच रडते, आणि एकदा एका आजीनं ऐन वेळी नातवाच्या छातीवरून मायेनं हात फिरवला तर फोटोत तिची पाटल्यांसकट सगळी बोटं आली. मग टेक्निशियन वैतागायचा आणि वॉर्डाकडं तोंड करून हाक मारायचा, ‘सिस्टर, या हो जरा.’ मी जायचे. भिंतीवरचा शिशाचा अ‍ॅप्रन अंगात घालायचे, लेकराचे दोन्ही हात डोक्याच्या बाजूनं वर धरायचे, त्याच्या कानात काहीतरी बडबडायचे आणि एका झटक्यात फोटो निघायचा. माझ्या हातात लेकरू हलत नाही, असा माझा लौकिक झाला होता. दुसऱ्या सिस्टरच्या ड्यूटीतही मला बोलावणं यायचं आणि मी मिरवत जायचे.

टेक्निशियनच्या खिशाला एक छोटा बॅज असायचा. अंगावर किती किरणं पडली ते त्या बॅजवरून पुढं कुठंतरी तपासतात. आम्हा सिस्टरांना बॅज नव्हता, कारण कागदोपत्री आम्ही त्या खोलीत जातच नव्हतो.

खोलीच्या दारावर एक पाटी होती. गरोदर बायांनी फोटो काढायच्या आधी सांगावं, अशी. ती पाटी मीच चिकटवली होती. एकेका बाईला मी बाजूला घेऊन विचारायचे, पाळी कधी आली होती, दिवस तर गेले नाहीत ना. लाजली तर परत विचारायचे. मला कुणी कधी विचारलं नाही आणि आपल्याला विचारायला हवं असं माझ्याही मनात आलं नाही. पाटी पेशंटसाठी असते, अशी आमची सगळ्यांची ठाम समजूत होती.

आता माझं सांगते. लग्नानंतर मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी ते गावभर केलं होतं. दीड महिनाही झाला नव्हता. दवाखान्यात पेढे, लातूरला पेढे, रेणापूरला फोन. सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात. आमच्या आत्यांनी शिरूरला गल्लीतल्या बायकांना बोलावून साखर वाटली. आणि पुढच्याच महिन्यात ते गेलं. का गेलं याला डॉक्टरांकडं उत्तर नव्हतं. असं होतं, म्हणाले. आत्यांकडं उत्तर होतं. नजर.

दुसऱ्या वेळी बातमी कळली तेव्हा त्यांनी मला आणि नवऱ्याला समोर बसवलं.

‘तीन महिने भरूस्तोर कुनाला बोलायचं न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या मायला बी न्हाई. दवाखान्यात तर मुळीच न्हाई. तिथं शंभर मानसं येतेत, शंभर नजरा.’

नजरेवर माझा विश्वास नाही. पण एकदा पोट रिकामं झालेल्या बाईला विश्वास नाही असं ठणकावून म्हणायची हिंमत राहत नाही. मी हो म्हटलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

दवाखान्यात ते कुलूप फक्त एकीलाच दिसलं. आमच्या मावशी, म्हणजे साफसफाई आणि वरकाम बघणाऱ्या. वॉर्ड, ड्रेसिंगची खोली, एक्स-रेची खोली, सगळं त्यांच्या हाताखाली. स्वच्छतेचं त्यांना वेड होतं. फिनेलच्या वासानं मी तोंडाला रुमाल लावला तेव्हा त्यांनी फरशी पुसता पुसता मान वर केली.

‘सिस्टर, दिवस गेलेत का?’

‘नाही हो मावशी, पित्त झालंय.’

‘पित्त,’ त्या म्हणाल्या, आणि परत फरशी पुसायला लागल्या.

त्यानंतर चारच दिवसांनी असेल, एक तीन वर्षांचं पोरगं आलं. ताप, धाप, छातीत घरघर. सोबत फक्त त्याची आई आणि ती स्वतः सहा-सात महिन्यांची गरोदर. मी तिला दारावरच्या पाटीकडं बोट दाखवून बाहेर बसवलं, अगदी दमात घेऊन. आत टेक्निशियन माझी वाटच बघत होता. मावशी दारात होत्या. त्यांनी झाडू बाजूला ठेवला.

‘म्या धरते आज,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी ऱ्हाऊ द्या.’

त्या का म्हणताहेत हे मला पुरतं कळलं होतं. मी जर हो म्हटलं असतं तर पित्ताचं पितळ तिथंच उघडं पडलं असतं. ‘तुमच्यानं नाही धरवणार,’ असं म्हणून मी अ‍ॅप्रन चढवला. पोरगं दांडगं होतं. पहिल्या वेळी त्यानं मान वळवली, फोटो बिघडला. परत काढला. मी त्याला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, अंगावर अ‍ॅप्रन आहे, एवढं जड शिसं आहे, कशाला घाबरायचं. त्या दोन-अडीच महिन्यांत अशी बरीच लेकरं मी धरली. थंडीचे दिवस होते, सगळ्यांच्याच छात्या भरल्या होत्या.

मग आमचा जुना टेक्निशियन बदलून गेला आणि नवा आला. तिशीतला, देगलूरकडचा, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, अ‍ॅप्रन कुठं आहे. अ‍ॅप्रन भिंतीवर नव्हता. मावशींनी कपाट उघडून तो काढून दिला, व्यवस्थित चौघडी घातलेला, वर पांढरा कपडा झाकलेला.

‘रोज संध्याकाळी घडी घालून ठिवते मी,’ मावशी म्हणाल्या. ‘भिंतीवर धूळ बसती. सायब लोकं तपासायला येतेत तवा बरं दिसतंय.’

खरंच सुंदर घडी होती. काठाला काठ जुळवलेला, मधे चेपून सपाट केलेली. नव्या साडीचीही कुणी एवढी घालणार नाही. आम्ही सगळ्यांनी कितीतरी वेळा मावशींच्या त्या टापटिपीचं कौतुक केलं होतं, दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या मोठ्या मॅडमनी तर एकदा इतर मावश्यांना बोलावून ती घडी दाखवली होती.

टेक्निशियननं घडी हातात घेतली आणि त्याचं तोंड पडलं. त्यानं अ‍ॅप्रन उलगडून टेबलावर पसरला, आम्हाला बाहेर काढलं आणि अ‍ॅप्रनचाच फोटो घेतला. माणसाऐवजी कपड्याचा फोटो काढलेला मी पहिल्यांदा बघत होते. मला हसू आलं होतं.

‘या, बघा,’ तो म्हणाला.

शिसं किरणं अडवतं, म्हणून चांगला अ‍ॅप्रन फोटोत सगळा पांढरा दिसतो. हा पांढराच होता, पण त्यावर काळ्या रेघा होत्या. एक उभी, वरपासून खालपर्यंत. एक आडवी. आडवी जास्त रुंद होती आणि तिला फाटे फुटले होते, उन्हाळ्यात आमच्याकडच्या काळ्या रानाला भेगा पडतात तसे.

‘हा कपडा नाही, मॅडम. आत शिशाचा थर असतो,’ तो म्हणाला. ‘घडी घातली की तुटतो. वरून दिसत नाही.’

मी त्या आडव्या रेघेकडं बघत होते. अ‍ॅप्रन गळ्यापासून गुडघ्यापर्यंत येतो आणि मधोमध घडी पडली की ती रेघ कुठं येते हे समजायला टेप लावायची गरज नव्हती. तरी मी तो अ‍ॅप्रन सहज घातल्यासारखा घातला आणि बोटानं चाचपडलं. बेंबीच्या खाली चार बोटं.

‘एवढ्याशा फटीतून काय जाणार,’ मी म्हटलं.

‘थोडंफार जातं. का हो?’

‘सहज.’

मी बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. भीती म्हणजे काय हे पुस्तकात वाचलं होतं, पेशंटच्या नातेवाइकांमध्ये बघितलं होतं. ती माझ्यापर्यंत त्या दिवशी आली. मी नर्स आहे. पोटातल्या बाळाचे पहिले तीन महिने म्हणजे काय, त्यात काय काय तयार होतं, हे मी दुसऱ्या बायकांना शिकवते. डोळे, कान, हृदय, मणका. मी एकेक लेकरू आठवत होते आणि त्या त्या दिवशी माझ्या पोटात काय घडत असेल ते जुळवत होते. ज्ञान असणं एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बोलायचं कुणाशी? सांगितलं तर आत्यांनी घातलेलं कुलूप तुटतं, आणि मला मनातून भीती की तुटलं आणि परत काही झालं तर? नाही सांगितलं तर ते एकटीनं पोटात घेऊन फिरायचं. एक्स-रेच्या खोलीसमोरून जायची वेळ आली तर मी लांबून, ओपीडीला वळसा घालून जायचे. दार बंद असलं तरी मला वाटायचं काहीतरी भिंतीतून येतंय. मोबाइलवर शोधायचे आणि जे वाचलं त्यानं आणखी जीव उडायचा. नव्या टेक्निशियननं मात्र मला एकदाही लेकरू धरायला बोलावलं नाही. त्यानं पट्टे आणले, वाळूच्या पिशव्या केल्या, नातेवाइकांना स्वतः शिकवायचा, आणि नवा अ‍ॅप्रन येईपर्यंत लहान मुलांचे फोटो काढणार नाही म्हणून अडून बसला. लोकांनी त्याला नांदेडला पाठवतोस म्हणून शिव्या घातल्या. तो हलला नाही. मला त्याचा राग यायचा. तू दोन महिने आधी का आला नाहीस, असा.

नवऱ्याला हे फोनवर सांगवेना, सुट्टीला लातूरला गेल्यावर सांगितलं. तो उठून मला थेट एका बाईडॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. तुम्ही थेट किरणांच्या समोर नव्हता, बाजूला होता, म्हणाल्या. अ‍ॅप्रन फाटका असला तरी अंगावर काहीतरी होतं. पोटापर्यंत पोचलं असेल ते फारच थोडं. एवढ्यानं बहुतेक काही होत नाही.

‘बहुतेक म्हणजे?’ मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. ‘अहो, सिस्टर आहात तुम्ही. बहुतेक म्हणजे बहुतेक. आणि पहिल्या दिवसापासून कामावर सांगायला काय झालं होतं? कुणी ठेवलंच नसतं तुम्हाला त्या खोलीत.’

मी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं खाली. आईचं नाव कसं घेणार तो. डॉक्टर म्हणाल्या, पाचव्या महिन्यात नीट सोनोग्राफी करू, तोवर डोक्यातून काढा. जसं काही ते डोक्यात होतं.

तीन महिने भरल्यावर मी दवाखान्यात सांगितलं. मोठ्या मॅडमनी अभिनंदन केलं आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं, त्यांचं हसू तिथंच थांबलं. मावशी मात्र रागावल्या.

‘म्या इचारलं व्हतं तुमाला,’ त्या म्हणाल्या. ‘तोंडावर इचारलं व्हतं.’

मग त्यांना अ‍ॅप्रनचं आठवलं असावं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि आपलेच हात उलटेसुलटे करून बघायला लागल्या. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का घडी घालायची नाही म्हणून? ‘न्हाई,’ त्या म्हणाल्या. मला कुणी सांगितलं होतं का? न्हाई. मग कुणाला धरून रडायचं, असं मी थोडं जोरातच म्हणाले. माझा स्वभाव असा आहे की भीती वाटली की मी ओरडते.

सोनोग्राफीचा दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. लातूरच्या त्या दवाखान्यातली एसी खोली, पोटावर थंडगार जेल, आणि पडद्याकडं बघत एक शब्द न बोलणारे सोनोग्राफीचे डॉक्टर. ते यंत्र फिरवायचे, थांबायचे, परत मागं यायचे. मागं का आले? काय दिसलं? मी पेशंटला नेहमी सांगते, डॉक्टर गप्प असले म्हणजे काम करत असतात. स्वतः टेबलावर पडल्यावर ते वाक्य काही कामाला आलं नाही. मी नवऱ्याचा हात इतका आवळला होता की नंतर त्याला माझ्या नखांचे वण दाखवता आले.

‘दिसतंय तेवढं सगळं ठीक आहे,’ डॉक्टर शेवटी म्हणाले.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. मी दिसतंय तेवढं हे दोन शब्द घेऊन घरी आले.

मुलगी झाली. दोन किलो आठशे, रडली खणखणीत, सगळं जागच्या जागी. आत्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, काजळाचा टिळा लावला आणि म्हणाल्या, बघ, गप ऱ्हायलीस म्हनून. मी मान हलवली. त्यांना एक्स-रेचं काही माहीत नव्हतं. नवऱ्यानं आणि मी ठरवलं होतं की सांगायचं नाही.

लोकांना वाटतं बाळ धडधाकट जन्मलं की भीती संपते. माझी तिथून सुरू झाली. ती जरा उशिरा बसली, मी मोबाइलवर शोधायला लागले. दात उशिरा आले, परत मोबाइल. ताप आला तर मला साधा तापच वाटायचा नाही. दीड वर्ष झालं तरी ती बोलत नव्हती. आई नाही, बाबा नाही, नुसतं बोटानं दाखवायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मुली तर लवकर बोलतात. मी हसून वेळ मारून न्यायचे आणि घरात आल्यावर तिच्या पाठीमागं जाऊन चुटक्या वाजवायचे, कधी या कानाशी, कधी त्या. वळली की बरं वाटायचं. मग शंका यायची, सावली बघून वळली असेल.

दिवाळीला शिरूरला होतो तेव्हा ती चुलीपाशी खेळत होती, आणि मी तिच्या मागं उभी राहून ताटली फरशीवर आपटली. ती वळली. मी परत आपटली, जरा लांबून. तिसऱ्यांदा आपटणार तोच दारातून आवाज आला.

‘ताटल्या का आपटायलीस?’

आत्या कधी आल्या होत्या कळलं नव्हतं. मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं आणि एकदम रडायलाच लागले. मग सगळं सांगितलं. लेकरं धरायचं, अ‍ॅप्रनचं, त्या रेघेचं, डॉक्टरांच्या बहुतेकचं. कान तपासतेय तेही सांगितलं. त्या उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या.

‘मंग तिथं का बोलली न्हाईस?’ त्या म्हणाल्या. ‘म्या गल्लीतल्या बायांपुढं तोंड बंद ठिव म्हनले.’

‘तुम्ही कुणालाच नाही म्हणाला होता, आत्या. दवाखान्यात तर मुळीच नाही म्हणाला होता.’

इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. मुलगी त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्यांच्या बांगड्या वर-खाली करायला लागली.

‘मला काय म्हाईत,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘दवाखाना म्हंजे मानूस बरं व्हायची जागा. तिथं काम करनाऱ्याला बी कायतरी व्हतंय, हे आमाला कुनी सांगितलंच न्हाई.’

त्या दिवसापासून चुटक्या आम्ही दोघी वाजवायला लागलो, मुलगी शिरूरला आली की त्या आणि इकडं मी. मुलगी पुढच्या उन्हाळ्यात बोलायला लागली आणि आता तिला गप्प बसवायला आम्हाला पेढा द्यावा लागतो. डॉक्टर म्हणतात, काही नाही, काही मुलं उशिरा बोलतात. असेल. मी अजून तिच्या प्रत्येक दुखण्याकडं नीट बघते. ही भीती माझ्या नोकरीतून माझ्या घरात आली आणि तिला घालवायचं औषध मला सापडलेलं नाही.

गेल्या वर्षी मला परत दिवस गेले. सकाळी कळलं, मी दुपारच्या ड्यूटीला जाताना नवऱ्याला आणि आत्यांना फोन केला. आत्या म्हणाल्या, ‘बरं.’ एवढंच. साखर नाही, देवाला हात नाही, कुणाला सांगू नको असंही नाही. मला जरा लागलंच. मी ठरवलं की उद्या सकाळी मोठ्या मॅडमना सांगायचं. ठरवलं खरं, पण सकाळी दवाखान्यात गेले आणि तोंड उघडेना. आधीचं गेलेलं आठवलं. उद्या सांगू म्हटलं, परवा सांगू. एक्स-रेच्या खोलीत आता तसंही मला कुणी बोलावत नाही, असं मनाला समजावलं.

त्याच सकाळी ओपीडी भरली होती. एक्स-रेच्या दाराबाहेर बाकावर बायका, पोरं, म्हातारे बसले होते. आणि त्या गर्दीतून आत्या येताना दिसल्या. हातात पिशवी, पदर कमरेला खोचलेला. पहाटेची एसटी धरून, उदगीरला गाडी बदलून त्या आल्या होत्या. एकट्या त्या कधी बाजारालाही जायच्या नाहीत. मला वाटलं, घरी काहीतरी झालं.

त्या माझ्याकडं आल्याच नाहीत. टेक्निशियन दारात उभा होता, त्याच्यापुढं जाऊन थांबल्या.

‘ही माझी सून हाय,’ त्यांनी माझ्याकडं हात केला. ‘तिला दिवस गेलेत. काल समजलंय. कुनाचं बी लेकरू कितीबी रडू द्या, तिला या खोलीत बोलवायचं न्हाई.’

त्या हळू बोलल्या नव्हत्या. अख्ख्या ओळीनं ऐकलं. बाकावरच्या बायका वळल्या, एकीनं दुसरीला कोपर मारलं, आणि सगळ्यांचे डोळे आधी माझ्या तोंडावर आणि मग माझ्या पोटावर आले. आत्यांना ते दिसत होतं. ज्या नजरांपायी त्यांनी मला तीन महिने मुकं केलं होतं, त्या सगळ्या त्यांनी स्वतःच्या तोंडानं बोलावून घेतल्या होत्या.

‘हाव आजी,’ टेक्निशियन म्हणाला. ‘न्हाई बोलवत.’

मावशींनी पाणी आणलं. आत्या बाकाच्या टोकाला बसल्या, मी त्यांच्या शेजारी. ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि बाकावरच्या बायकांकडं एकदा बघून घेतलं.

‘लई भेव वाटायलंय गं,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मलाही. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि माझा हात घेतला, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.